पाटाळ्याच्या पुलावरून

वणीहून वरोऱ्याला येणाऱ्या एसटीत ती बाई माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या पायाशी दुधाचा कॅन होता. ॲल्युमिनियमचा, पाचेक लिटरचा, झाकणावरून फडकं आवळून बांधलेलं. २०१७ चा मे महिना, दुपारचे अडीच. आमच्याकडच्या मेमध्ये भर दुपारी दूध घेऊन कोणी प्रवास करत नाही. गाडी खड्ड्यातून गेली की कॅनमधून काचेला काच लागल्याचा बारीक आवाज यायचा. आत चिंध्या कोंबल्या असणार, पण पुरत्या बसल्या नव्हत्या. मी ऐकलं, कंडक्टरनं ऐकलं, समोरच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानंही ऐकलं आणि खिडकीबाहेर बघायला लागला. पाटाळ्याचा पूल जवळ आला तसा तिनं पायानं कॅन माझ्या सीटखाली सरकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहू द्या ना भाऊ. पुलापुरतं."

मी राहू दिला.

पुलाच्या या टोकाला एक शिपाई गाडीत चढला. मागच्या सीटवरच्या दोन पोरांच्या बॅगा त्यानं उघडून बघितल्या, आमच्यावरून एकदा नजर फिरवली आणि उतरला. मी शर्ट इन केलेला, चष्मेवाला, मांडीवर लॅपटॉपची बॅग. माझ्या सीटखाली कोण बघणार? हे त्या बाईनं बसतानाच हेरलं होतं. पूल मागे पडल्यावर तिनं कॅन परत ओढून घेतला, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याशी अवाक्षर न बोलता माजरी फाट्यावर उतरून गेली.

हा पूल वर्धा नदीवरचा. पलीकडे यवतमाळ जिल्हा, अलीकडे आमचा चंद्रपूर. १ एप्रिल २०१५ पासून आमचा जिल्हा कोरडा होता, म्हणजे दारूबंदीचा. शेजारचा गडचिरोली १९९३ पासून कोरडा, वर्धा १९७४ पासून, गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून. म्हणजे नकाशात बघितलं तर तीन जिल्ह्यांचा सलग कोरडा पट्टा, आणि त्याच्या कडेकडेनं दुसऱ्या जिल्ह्यांतली दुकानं. वणीतल्या दुकानांसमोर त्या काळात बाजाराच्या दिवसासारखी गर्दी असायची. देशीची नव्वद मिलीची बाटली, जिला आमच्याकडे नुसतंच 'नव्वद' म्हणतात, ती पूल ओलांडला की दुप्पट व्हायची आणि आतल्या गावात पोचेस्तोवर तिप्पट. त्या बाईचा कॅन, कुणाकुणाचे हप्ते, रातोरात आलेल्या नव्या बोलेरो, हे सगळं त्या दुपटी-तिपटीतून निघत होतं.

आता सांगायलाच हवं, मी दारूबंदीच्या बाजूचा माणूस. म्हणजे होतो. बाबा माजरीच्या कोळसा खाणीत होते. पगाराच्या दिवशी आई खाणीच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची, कारण फाटक ते घर या वाटेवर तीन दुकानं होती. पगार हातात आला की बाबा निम्मे पैसे तिथल्या तिथं तिला द्यायचे, हसत, दोस्तांसमोर, जणू काही गंमत चालली आहे. उरलेल्या निम्म्यांचं काय व्हायचं ते सांगण्यासारखं नाही. ते २००९ मध्ये गेले. यकृत. पुढच्याच वर्षी डिसेंबरात पारोमिता गोस्वामींच्या 'श्रमिक एल्गार' संघटनेनं चिमूरपासून नागपूरच्या विधानभवनावर बायकांचा पायी मोर्चा काढला, हजारो बायका होत्या, आणि त्यात माझी आई होती. आयुष्यात तोवर ती एकटीनं चंद्रपूरलाही गेली नव्हती. परत आली तेव्हा टाचा फुटून रक्त येत होतं, चपलेचा एक अंगठा शिवलेला. ती चपल तिनं कितीतरी दिवस टाकली नाही. २०१५ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं बंदीचा निर्णय घेतला तेव्हा तिनं गल्लीत साखर वाटली, आणि मी पुण्याहून फोनवर तिचं अभिनंदन केलं.

बंदीबद्दल तिचं नंतरचं मत मात्र एका ओळीचं होतं. "पयले सहा महिने लय बरे गेले. मंग सारेच शिकले."

त्या 'शिकले'त काय काय येतं ते आम्ही बघत होतो. सुरुवातीला पिणाराच सायकलनं पूल ओलांडायचा. मग एकानं चौघांसाठी आणायला सुरुवात केली. मग ते काम बायकांकडे आलं, कारण बाईची झडती घ्यायला महिला शिपाई लागते आणि ती दर नाक्यावर नसते. मग शाळकरी पोरं, दप्तरात. मग भाजीच्या गाड्या, रुग्णवाहिका, गाडीच्या तळाला केलेले चोरकप्पे. वर्षभरात कॅनवाली बाई सगळ्यात खालची झाली आणि तिच्या वर कुणीतरी माल पुरवणारा, त्याच्या वर गाड्यांचा मालक, त्याच्या वर ज्याचं नाव कोणी घेत नाही असा. २०१८ च्या नोव्हेंबरात नागभीडकडे दारूची गाडी अडवायला गेलेल्या पोलीस उपनिरीक्षकाला त्या गाडीनं चिरडून मारलं. आईनं ती बातमी मला फोनवर वाचून दाखवली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. चप्पल घासून जी गोष्ट आणली तिच्यातून हे निघालं, असं तिच्या मनात आलं असेल का? मी विचारलं नाही.

माझा भाचा टोरांटोला असतो. १७ ऑक्टोबर २०१८ ला कॅनडानं गांजा कायदेशीर केला तेव्हा तो तिथं नवाच होता. पुढच्या एप्रिलात टोरांटोत दुकानं उघडली, तेव्हा त्यानं एका दुकानाचा फोटो पाठवला. आमच्याकडच्या मोबाइलच्या शोरूमसारखं चकचकीत, दारात ओळखपत्र तपासणारी मुलगी, पाकिटावर सरकारी कराचा शिक्का. "मामा, तुम्ही लोक उलटं करता," तो म्हणाला. "बंदी म्हणजे गुंडाला दिलेलं लायसन्स. सगळंच कायदेशीर करा, गांजा, अफू, सगळं. टोळ्यांचं कंबरडंच मोडेल." तेव्हा आमची बंदी चार वर्षांची झाली होती आणि मला त्याचं म्हणणं खोडता येईना. नंतर कधीतरी मी त्याला विचारलं, "मग आता तिकडे चोरून विकणारे नाहीत?" तो हसला. "आहेत की. दुकानापेक्षा स्वस्त देतात."

माझं डोकं तिथं अडकलं, ते अजून सुटलेलं नाही.

कारण हा प्रयोग आपण एकदा करून बसलो आहोत, आणि कॅनडापेक्षा कितीतरी आधी. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १९४९ चा. पुढच्या वर्षीपासून मुंबईत पूर्ण बंदी, गृहमंत्री मोरारजी देसाई. लगोलग काळा गूळ आणि नवसागराच्या हातभट्ट्या शहराच्या खाडीकाठी पेटल्या. टायरच्या ट्यूबमध्ये भरून दारू गल्लोगल्ली फिरायला लागली. व्हीटी स्टेशनवर हमाली करणारा वरदराजन मुदलियार अँटॉप हिल-धारावीच्या हातभट्टीवर मोठा झाला, इतका की माटुंग्यातला त्याचा गणपती बघायला शहर लोटायचं. पुढं वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल होत गेली, देशीची सरकारमान्य दुकानं आली. भाच्याच्या हिशोबानं वरदाभाईचं दुकान तेव्हाच बसायला हवं होतं. पण तोवर त्याच्याकडे पैसा होता, माणसं होती, पोलिसांतल्या ओळखी होत्या. ते भांडवल घेऊन तो गोदीतल्या चोरीकडे आणि बाकीच्या धंद्यांकडे वळला. त्याचा दबदबा मोडला तो ऐंशीच्या दशकात, वाय. सी. पवार नावाच्या पोलीस अधिकाऱ्यानं, दंडुका घेऊन. दुकानं उघडल्यानं नव्हे. अमेरिकेतही हेच झालं. १९२० ते १९३३ दारूबंदी, ती उठली, आणि दारूवर पोसलेल्या टोळ्या जुगार, कामगार संघटना आणि पुढं हेरॉइन अशा वाटांनी गेल्या.

याच्या उलट बाजूनं सोन्याची गोष्ट आहे, आणि तीही मुंबईचीच. सुवर्ण नियंत्रण कायदा १९६८ चा. हाजी मस्तानसारख्यांची सद्दी त्याच कडक निर्बंधांच्या काळातली. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला, दोन वर्षांनी परदेशातून येणाऱ्या भारतीयांना थोडका कर भरून सोनं आणायची मुभा मिळाली, आणि सोन्याची तस्करी पाहता पाहता ओसरली. कायदा मोडणाऱ्यांना काही उपरती झाली नव्हती. भावात फरकच उरला नाही, तर कशाला मरायचं? २०१३ मध्ये आयात कर दहा टक्क्यांवर गेला, तशी विमानतळांवर पुन्हा बुटांत, पोटात, इस्त्रीत सोनं सापडायला लागलं. म्हणजे कायदेशीर आहे की बेकायदेशीर याला जेवढं महत्त्व आपण देतो तेवढं तस्कर देत नाही. तो दोन किमतींमधलं अंतर बघतो. आणि हेही विसरायला नको की सोनं सुटल्यावर त्या टोळ्यांनी काही किराणा दुकानं टाकली नाहीत. नव्वदीच्या दशकातली मुंबई, बिल्डरांना जाणारे खंडणीचे फोन, दिवसाढवळ्या वाजलेल्या सुपाऱ्या, हे सगळं त्यानंतरचं आहे.

दारूतलं अंतर तर कधी मिटलंच नाही. २०१५ च्या जूनमध्ये, म्हणजे आमची बंदी लागू होऊन अडीच महिने झाले तेव्हा, मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. मुंबईत! जिथं कोपऱ्याकोपऱ्यावर परमिट रूम आहे. आमच्याकडच्या बंदीविरोधकांनी मालवणीचं नाव कधी घेतलं नाही, कारण ते त्यांच्या गणितात बसत नव्हतं. सरकारमान्य देशीवर कर आहे, आणि रोजंदारीवाल्याला तीही परवडत नाही म्हणून तो मिथेनॉल मिसळलेली पिशवी घेतो. दुकान उघडं आहे, पण त्याच्यासाठी नाही. (जाता जाता एक गंमत. महाराष्ट्रात त्या १९४९ च्या कायद्याचं नाव आजही 'दारूबंदी अधिनियम'च आहे आणि प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. 'परमिट रूम'मधलं परमिट ते हेच. दारूबंदीच्याच कायद्याखाली राज्य दरवर्षी हजारो कोटी रुपये कमावतं. असला संसार आपल्यालाच जमतो.)

आमची बंदी २७ मे २०२१ च्या मंत्रिमंडळ बैठकीत उठली. त्याआधी निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांची समिती बसली होती. अवैध दारू वाढली, गुन्हेगारी वाढली, त्यात बायका-मुलं ओढली गेली, ही कारणं देण्यात आली. पालकमंत्री विजय वडेट्टीवार बंदी उठवावी म्हणून आधीपासून बोलत होते. गडचिरोलीहून डॉ. अभय बंग विरोधात होते. बंदी नीट राबवली नाही म्हणून बंदीच वाईट कशी, असा त्यांच्या बाजूचा सवाल. मला कारणं खरी वाटत होती आणि हा सवालही खरा वाटत होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुकानं उघडली. वरोऱ्यातल्या एका दुकानाला झेंडूच्या माळा लावल्या होत्या आणि पहिल्या गिऱ्हाइकानं उंबऱ्यावर नारळ फोडला, असं आईनं सांगितलं. ती स्वतः त्या दिवशी घराबाहेर पडली नाही. मी मात्र मनातून सुटल्यासारखा झालो होतो. आईला ते सांगितलं नाही.

मग त्या बोलेरोंचं काय झालं? पाटाळ्याच्या पुलावरची वर्दळ दोन महिन्यांत ओसरली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. भाचा तेवढ्यापुरता बरोबर होता. पण आमच्या भागात पानठेल्यावर खर्रा मिळतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ठेलेवाला ती पन्नी पाटीवर तळहातानं घोटतो, दोन-तीन मिनिटं, अगदी मन लावून, गप्पा मारत. वास येतो तो सुगंधित तंबाखूचा. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर आणि त्यापाठोपाठ सुगंधित तंबाखूवर बंदी आहे. तरी एकही ठेला त्याच्यावाचून चालत नाही. तो येतो कुठून? राज्याच्या सीमेपलीकडून, रात्री, गाड्यांतून. गेल्या दिवाळीत वरोरा नाक्याच्या ठेल्यावर उभा होतो तेव्हा एक बोलेरो येऊन थांबली. गाडी ओळखीची, ड्रायव्हर तर त्याहून ओळखीचा. त्यानं खाली उतरवलेली पोती मी मोजली. पाच होती. ठेलेवाल्याला म्हटलं, "याचा तर दारूचा धंदा होता ना?" तो घोटता घोटता म्हणाला, "तवा दारू होती, आता हे हाये. गाडीचा हप्ता तं भरावाच लागते ना भाऊ."

ड्रग्ज कायदेशीर करावेत का, हा प्रश्न कोणी घातला की मला ती पाच पोती दिसतात.

पण नुसतं एवढं म्हणून थांबणं ही पळवाट झाली. कायदा मला थोडाफार ठाऊक आहे. १९८५ पर्यंत या देशात बऱ्याच ठिकाणी गांजा सरकारी परवान्याच्या दुकानांत मिळत होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा आला आणि म्हाताऱ्या बैराग्याची चिलीम आणि मुंबईच्या फलाटांवर नुकतीच पोचलेली ब्राउन शुगर, म्हणजे आपल्याकडचं 'गर्द', एकाच कलमांच्या जाळ्यात आली. शिक्षा मालाच्या वजनाप्रमाणे ठरायला २००१ ची दुरुस्ती यावी लागली. भांग तेवढी सुटली, कारण कायद्यानं गांजा धरला तो झाडाच्या शेंड्यांचा, पानांचा नव्हे. त्याच काळात, १९८६ मध्ये, पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीनं 'मुक्तांगण' सुरू केलं. म्हणजे गर्दुल्ल्याकडे आरोपी म्हणून बघायचं की आजारी म्हणून, हे दोन्ही सूर आपल्याकडे एकाच वेळी लागले. पैसा आणि माणूसबळ पहिल्याला मिळालं.

पोर्तुगालनं २००१ मध्ये दुसरा सूर धरला. दहा दिवसांपुरता माल जवळ सापडला तर कोर्ट नाही. वकील, डॉक्टर, समाजसेवक अशांसमोर बसायचं आणि उपचारांचं बोलायचं. विकणं मात्र गुन्हाच. अमेरिकेतल्या ओरेगॉननं २०२० मध्ये मतदान घेऊन तसंच काहीसं केलं, पण उपचारांची सोय वेळेत उभी राहिली नाही, आणि २०२४ मध्ये पुन्हा गुन्हा लावला. मला पोर्तुगालचं पटतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यानं टोळीचं काही बिघडत नाही. पिणारा सुटतो, एवढंच. एवढंच, पण ज्याच्या घरात पिणारा आहे त्याला विचारा ते किती आहे.

भाच्याचं 'सगळंच कायदेशीर करा' मात्र मला एमडीपाशी, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेपाशी, आल्यावर गिळवत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीतला कारखाना पकडला. मेफेड्रोन, टनाच्या वर माल, हजारो कोटींचा. कुरकुंभ माझ्या पुण्यातल्या घरापासून दीड-दोन तासांवर. अफूला शेत लागतं, मोहाच्या दारूला मोह लागतो. याला एक पत्र्याची शेड आणि रसायनशास्त्र शिकलेला एक माणूस पुरतो. अशा मालाला सरकारी दुकान काढायचं तर त्याचा भाव काय ठेवायचा? कर लावून महाग केला तर शेड चालूच राहणार, मालवणीसारखी. शेडहून स्वस्त विकायचा तर सरकारनं पोरांना एमडी कमी भावात पुरवायचं. गांजाचं मला चालेल. कॅनडाइतकं चकचकीत नको, पण चिलमीसाठी कुणाचं पोर आत जाऊ नये. एमडीचं दुकान मी माझ्या गल्लीत उघडू देणार नाही, आणि तुमच्याही नाही. हे तर्काला धरून आहे की बाबांच्या पगाराच्या दिवसांना धरून, ते मला नीटसं वेगळं काढता येत नाही.

भाच्याशी अजून हे भांडण चालू आहे. तो आकडे पाठवतो, मी वाचतो. त्याला मी एक गोष्ट सांगितलेली नाही, कारण तिचा कुठल्याच बाजूला उपयोग नाही.

आमच्या गल्लीतला एक पोरगा, बाप नाही, आई शेतमजूर. २०१८ मध्ये एकोणीस वर्षांचा होता. वणीहून मोटरसायकलवर दोन पेट्या आणताना पुलावर पकडला गेला. माल दुसऱ्याचा, मोटरसायकलही दुसऱ्याची. ज्याची होती त्याचं नाव कागदावर आलंच नाही. आठवडाभरात जामीन झाला. मग बंदी उठली. त्याला वाटलं, आता केसही उठली असणार. आईनं मला विचारायला लावलं तेव्हा मीच ओळखीच्या वकिलाकडून खात्री करून त्याला सांगितलं, की तसं होत नाही. गुन्हा त्या दिवशीच्या कायद्याचा, तो चालतच राहतो. पोलीस भरतीचा नाद त्यानं सोडला. एका सिक्युरिटीवाल्यांकडे नोकरी ठरली होती, तीही चारित्र्य पडताळणीच्या कागदाशी अडली. आता तो प्लंबिंग करतो. तारखेच्या दिवशी खाडा होतो. कधी साक्षीदार शिपायाची बदली झालेली, कधी साहेब रजेवर. कोर्टाच्या रस्त्यावरच देशीचं दुकान आहे, सकाळी उघडतं. तारीख घेऊन तो त्याच्यासमोरूनच बसस्टँडला जातो. स्वतः पीत नाही, कधी प्यायलाही नव्हता.

परवा त्याचा फोन आला होता. आईच्या मोरीचा नळ बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, अरे घ्यायचे ना. म्हणाला, "राहू द्या ना दादा." मग म्हणाला, पुढची तारीख बावीस जुलैची आहे, तवा तुम्ही इकडं असान तं सोबत याल का, एखाद्या वेळी चष्मेवाला माणूस संगं असला तं साहेब लवकर बोलावते.